हक्कसोड

शेवटची पुरणपोळी तव्यावर फुगत होती, तेव्हा उत्तराच्या नवऱ्याने, दिवाकरने, बाहेरच्या खोलीत टीपॉयवर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. एक पैठणीचा खोका आणि दुसरी वकिलाकडची निळी फाइल. उत्तराला स्वयंपाकघरातून दोन्ही दिसल्या. बारा वर्षांपूर्वी सिन्नरला तिच्या माहेरी अगदी अशीच मांडणी झाली होती. तेव्हा भावाने तिच्या हातात आधी साडी दिली होती आणि मग पेन. साडी कपाटात आहे. चारदा नेसली असेल. माहेरच्या घराची किल्ली मात्र तिला पुन्हा कुणी दिली नाही.

सासऱ्यांचं, अप्पांचं, वर्षश्राद्ध काल झालं. रामकुंडावर पिंड सोडले, भटजी जेवले, वर्षभराचं पाळणं संपलं. आज गोडाचं जेवण, म्हणून नणंद ज्योत्स्ना जेलरोडवरून सकाळीच आली होती आणि धाकटा दीर जयराम देवळाली कॅम्पातलं दुकान बंद ठेवून. जयराम रविवारी दुकान बंद ठेवत नाही. जवानांना सुट्टी असते, युनिफॉर्म, बूट, बॅजेस सगळं रविवारीच खपतं. तो आज दुकान बंद ठेवून आला, यातच काय ते समजायचं.

समजत सगळ्यांना होतं. फक्त बोलायचं नव्हतं. आपल्याकडे घरातल्या बाईचा हिस्सा कधी हिसकावून घेत नाहीत. तिला जेवू घालतात, वाटीत तूप वाढतात, आणि मग घेतात.

"वहिनी, पुरण काय झालंय गं!" ज्योत्स्ना पानावरून म्हणाली. "अप्पा असते तर पाच खाल्ल्या असत्या."

"सहा," जयराम म्हणाला. "आणि सातवी झाकून ठेवायला लावली असती."

सगळे हसले. उत्तराही हसली आणि हसता हसता तिला स्वतःची शिसारी आली.

कारण तिला जे माहीत होतं ते या पंगतीत फक्त तिला आणि दिवाकरला माहीत होतं. जयरामला असेल अर्धंमुर्धं. ज्योत्स्नाला नव्हतं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या गौरांगला, उत्तराच्या मुलालाही, नव्हतं. तो मोबाइलमध्ये मान घालून जेवत होता. आयर्लंडच्या विद्यापीठाचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. एक वर्षाचा मास्टर्सचा कोर्स. फी, राहणं, विमान, सगळं धरून बत्तीस लाख. बँकेचं मंजुरीपत्र पंधरा तारखेच्या आत पाठवायचं, नाहीतर जागा गेली. आज पाच तारीख.

मागच्या सोमवारी उत्तरा शाळेतून अर्धी रजा घेऊन बँकेत गेली होती. जाणं तिलाच भाग होतं. दिवाकरने अंबडच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतल्याला चार वर्षं झाली, त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही. तिच्याकडे आहे. पंचवटीतल्या अनुदानित शाळेत सव्वीस वर्षं नोकरी. मॅनेजरबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. साडेसात लाखांपर्यंत आम्ही काही गहाण मागत नाही, म्हणाल्या. त्याच्या वर गेलं की तारण लागतं. सरकारची बिनतारणाची नवी योजना आहे, पण ती देशातल्या निवडक कॉलेजांपुरती, परदेशाला नाही. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही. पण मॅडम, व्याज झोपत नाही हं, ते पहिल्या दिवसापासून चालू. जमलं तर नुसतं व्याज दरमहा भरत जा, पोरावरचं ओझं हलकं होईल.

उत्तराने वहीच्या पानावर सगळं उतरवून घेतलं होतं. मग शेवटी विचारलं होतं, "घर सासऱ्यांचं. आता मिळकत पत्रिकेवर तीन नावं लागलीत. दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीच्या नावाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "तिघांच्या सह्या हव्यात. त्यांनी गहाणाला संमती द्यायची, बस. नाव असलं म्हणून काही अडत नाही."

घरी येऊन तिने हे जसंच्या तसं दिवाकरला सांगितलं होतं. त्याने आधी खोलीचं दार लोटलं. मग म्हणाला, "हे बाहेर बोलू नकोस. जयराम म्हणतो, नाव निघत असेल तरच मी सही करतो. बिल्डर येऊन गेलाय त्याच्याकडे. तीन वाटे नकोत जयरामला, दोन हवेत. आणि मला पोराला पाठवायचंय. समजलं?"

समजलं होतं. पोराचं तोंड डोळ्यांसमोर आणून ती गप्प बसली होती. सहा दिवस.

जेवणं झाली. ताटं उचलली. उत्तरा विडे घेऊन बाहेर आली तेव्हा दिवाकरने घसा साफ केला.

"ज्योत्स्ना, वर्ष संपलं. तुला काही घ्यावं म्हटलं. येवल्याला जाऊन आलो मुद्दाम."

ज्योत्स्नाने खोका उघडला. जांभळी, सोनेरी काठाची. पदरावरचे मोर बोटाने चाचपले. "केवढ्याची रे दादा?"

"किंमत विचारतात होय भावाला?"

"मी पतसंस्थेत आहे. मला सगळ्याचीच किंमत विचारायची सवय आहे." ती हसली. "छान आहे. आणि ही फाइल?"

दिवाकरने जयरामकडे पाहिलं. जयरामने विड्याकडे.

"गौरांगचं लोन," दिवाकर म्हणाला. "घर तारण द्यावं लागतंय. बँकेचं म्हणणं, मालकी सुटसुटीत हवी. लग्न झालेल्या बहिणीचं नाव असलं की लीगलवाले अडवतात. म्हणून एक हक्कसोडपत्र करून घ्यायचं. फॉर्मॅलिटी. उद्या अकराचं टोकन आहे रजिस्ट्रार ऑफिसात. गाडी पाठवतो तुला घ्यायला."

"बँकेनं मागितलंय?"

"हो ना."

खोटं बोलताना दिवाकरचा आवाज बदलत नाही. चोवीस वर्षांच्या संसारात उत्तराने हे अनेकदा पाहिलं होतं. पण आजवरचं खोटं लहान होतं.

ज्योत्स्नाने पर्समधून चष्मा काढला आणि फाइल मांडीवर घेतली. ती वाचू लागली. सगळी पानं, पहिल्यापासून. तिची वाचायची रीत अशी की एकेका ओळीवर बोट ठेवून पुढे जायचं. बावीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढलेल्या बाईची रीत. जयराम चुळबुळला.

"ताई, वकिलाने नीट केलंय गं. एवढं काय वाचायचं?"

"लोकांना मी हेच सांगते, सही करायच्या आधी वाचा. आज मीच न वाचता केली तर उद्या टेबलावर कुठल्या तोंडाने बसू?" ती वाचतच राहिली. मग थांबली. "'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने.' प्रेमापोटी. कुणाच्या रे, जयराम?"

"असं लिहितातच. कायद्याची भाषा आहे ती."

"घराची किंमत काय धरलीय? ते नाही लिहिलेलं. बिल्डरने काय सांगितलं?"

गौरांगने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

"कोण बिल्डर?" जयराम म्हणाला.

"अरे, तुझ्या दुकानाच्या शेजारचा टेलर माझ्याकडे कर्ज घ्यायला येतो. तुला वाटतं देवळाली आणि जेलरोडमध्ये समुद्र आहे?"

"बरं, आहे बिल्डर!" जयरामचा आवाज चढला. "मग? घर जुनं झालंय. आज ना उद्या पाडायचंच. आणि तुला काय कमी केलं या घराने? लग्नात पाच तोळे घातले. बाळंतपणं केली दोन. दिवाळीला, नागपंचमीला बोलावतो. सगळं घेऊन झाल्यावर पुन्हा वाटा? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते लोकांना म्हणू दे. तू काय म्हणतोस ते ऐकतेय मी." ज्योत्स्ना चिडली नव्हती. तेच वाईट होतं. "मला बी. फार्मसीला नंबर लागला होता, आठवतंय? दादाच्या इंजिनिअरिंगचं डोनेशन त्याच वर्षी भरलं. अप्पा म्हणाले, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातल्या झाडाला पाणी घालणं. मी काही बोलले नाही. आता बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. रोज येतात पोरी माझ्याकडे विचारायला. दर वेळी वाटतं, अर्धा टक्का! तीस वर्षं उशिरा आला गं बाई."

"म्हणून तू गौरांगवर सूड घेणार?" दिवाकर म्हणाला.

"सूड?"

"नाहीतर काय! बत्तीस लाखांचं काम तुझ्या एका सहीवर अडलंय. पोराचं आयुष्य आहे. तुझं नाव त्या कागदावर राहिल्याने तुला काय मिळणार आहे? भाडं? खालच्या दुकानाचं येतं तेवढ्यात घरपट्टीही निघत नाही. नुसत्या नावासाठी भाच्याला घरी बसवशील?"

हे बोलणं चांगलं होतं. उत्तराला ते चांगलं वाटलं आणि तिला त्याची भीती वाटली. कारण ज्योत्स्ना आता गौरांगकडे बघत होती आणि तिचा चेहरा सैल पडत चालला होता. तिने लहानपणी या पोराला कडेवर घेऊन गंगेवर, गोदेच्या घाटावर, फिरवलं होतं. दहावीला त्याच्या क्लासची निम्मी फी तिने भरली होती, कुणाला न सांगता. आता दोन मिनिटं कुणी काही बोललं नसतं तर तिने पेन मागितलं असतं. बायका अशाच सह्या करतात. कुणाला हात पिरगाळावा लागत नाही.

"आत्या," गौरांग म्हणाला, "प्लीज. मी नोकरी लागली की तुझ्यासाठी करीन ना काहीतरी."

ज्योत्स्नाने चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, काचा पुसल्या. आणि मग अचानक, काही संशय म्हणून नाही, कर्जाच्या टेबलावरची सवय म्हणून, तिने मान वळवली.

"वहिनी, बँकेत तू गेली होतीस ना? काय म्हणाले तिथे नक्की? काही बँका नुसत्या संमतीवर गहाण घेतात. आमच्याकडे तर सर्रास होतं. विचारलं होतंस का?"

सगळ्यांनी उत्तराकडे पाहिलं. दिवाकरने तर नजर अशी रोखली की तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटावं.

उत्तराच्या मनात त्या क्षणी काही थोर आलं नाही. आलं ते हे, की 'विचारलं नाही' एवढंच म्हणायचंय. ते धड खोटंही नाही ठरणार. पोरगं जाईल, शिकेल, परत येईल किंवा न येईल. ज्योत्स्नाताई वर्षातून दोनदा जेवायला येत राहतील, आपण पुरण करू. आणि प्रत्येक वेळी त्यांना वाढताना आपला हात असाच जड होईल, मरेपर्यंत.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "हक्कसोड नको म्हणाल्या. तिघांच्या सह्या पुरतात. नाव असलं म्हणून काही अडत नाही, असं म्हणाल्या. या शब्दांत."

"उत्तरा!"

"सोमवारी आल्या आल्या यांना सांगितलं होतं मी. आणि मग गप्प बसले. सहा दिवस. ज्योत्स्नाताई, तुम्हाला फोन करायला हवा होता. केला नाही."

दिवाकर उभा राहिला. "अक्कल गहाण ठेवलीस का? तुझ्या पोटच्या पोराचं आहे हे!"

"ठाऊक आहे कुणाचं आहे ते."

"बाप रे," जयराम म्हणाला आणि हसला, पण ते हसणं कुणी घेतलं नाही. "वहिनींनी आमची वरात काढली म्हणायची."

ज्योत्स्नाने फाइल बंद करून टीपॉयवर ठेवली, तिच्यावर पैठणीचा खोका ठेवला आणि दोन्ही मिळून दिवाकरच्या बाजूला सरकवली. चहाचा कप सरकवावा तशी.

"दादा, तू सरळ मागितलं असतंस ना, 'ज्योत्स्ना, आम्हाला दोघांनाच घर हवंय', तर मी भांडले असते. पण तू भाऊ राहिला असतास." तिने पदर सावरला. "बँकेचा संमतीचा फॉर्म आहे का घरात?"

उत्तराने कपाटातून आणून दिला. तीन मालक, तीन चौकटी. ज्योत्स्नाने तो फॉर्मही पूर्ण वाचला. गौरांगला दोन प्रश्न विचारले: कोर्स संपल्यावर तिथे काम शोधायला किती दिवस मिळतात, आणि शिकताना निदान व्याज भरण्याइतकं तुझी आई पगारातून काढू शकेल का. पहिल्याचं उत्तर गौरांगला नीट देता आलं नाही. दुसऱ्यावर उत्तराच म्हणाली, काढीन. मग ज्योत्स्नाने मधल्या चौकटीत सही केली. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

"हप्ते थकले तर माझाही तिसरा हिस्सा जाईल लिलावात. कळतंय ना गौरांग? हे मी समजून करतेय. आता या दोघांचं विचार."

दिवाकरने फॉर्म ओढला. रागाने केली, पण सही केली. पोरापुढे त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.

राहिला जयराम. तो उठला होता आणि गाडीची किल्ली शोधत होता.

"काका," गौरांग म्हणाला.

"मला निघायला हवं रे. साडेचारला तरी उघडतो दुकान. रविवार वाया गेला."

"काका, सही."

"माझं बोलणं झालं होतं तुझ्या बापाशी. काय ठरलं होतं ते विचार त्याला. मी माझा वाटा गहाण टाकायचा, बिल्डरला पाच वर्षं थांब म्हणायचं, आणि बदल्यात काय? तेच तीन वाटे?" त्याने चपला घातल्या. "मला दोन पोरी आहेत. त्यांच्या लग्नाला कोण घर गहाण ठेवणार?"

"लग्नाला कशाला?" ज्योत्स्ना म्हणाली. "शिक्षणाला ठेव. मी सही करीन."

जयरामने किल्ली उचलली. तो जिना उतरून गेला.

तासाभरापूर्वी या खोलीत असंच बोललं जात होतं, की पोराचं शिक्षण बहिणीमुळे अडलंय. आता फॉर्मवर दोन सह्या होत्या आणि तिसरी चौकट रिकामी, आणि ती चौकट पुरुषाची होती. दिवाकर गॅलरीत जाऊन उभा राहिला, खोलीकडे पाठ करून. पुरुषांना अशा वेळी रस्त्यावर बघण्यासारखं फार असतं.

"ती प्रायव्हेट कंपनी आहे ना," गौरांग घाईघाईने म्हणाला, "फायनान्सवाली. त्यांना घर लागत नाही. आईच्या पगारावर देतात. चार दिवसांत मंजुरी."

"साडेतेरा टक्के," ज्योत्स्ना म्हणाली, "आणि व्याजाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून. बत्तीस लाखांवर महिन्याला छत्तीस हजार नुसतं व्याज. वहिनीचा पगार खाऊन टाकेल ते. तिच्या निवृत्तीला आठ वर्षं आहेत. कधी फेडणार?"

"मी फेडीन!"

"कशातून? नोकरी शोधायला किती दिवस मिळतात, तेही तुला मघाशी सांगता आलं नाही."

गौरांगचं तोंड लाल झालं. तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. उत्तरा तिथे उष्टी ताटं एकात एक घालत होती. त्याने आवाज खाली आणला, पण घर काही एवढं मोठं नाही.

"आई, उद्यापर्यंत गप्प बसली असतीस तर काय झालं असतं? एकच दिवस. अकरा वाजता सगळं झालं असतं."

उत्तराने हातातलं ताट खाली ठेवलं.

बाहेर ज्योत्स्ना पर्सची चेन लावत होती. तो आवाज थांबला. तिने ऐकलं होतं. उत्तराला वाटलं, ती आता फॉर्म उचलेल आणि फाडेल, आणि फाडला तर मी तिला अडवणार नाही. पण ज्योत्स्ना फॉर्म घेऊन दारापर्यंत आली आणि गौरांगपुढे धरला.

"माझी सही आहे तिथेच राहील," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केली नव्हती ती. शिक्षणासाठी केली." आणि ती जिना उतरून गेली. पैठणी टीपॉयवरच राहिली.

गौरांग कागद हातात घेऊन उभा राहिला. बावीस वर्षांचा, बापाएवढा उंच, आणि आत्ता चेहऱ्यावर काय आणायचं ते न सुचलेला. उत्तराला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसं. दोन्ही केलं नाही. या पोराला हे शिकवलं कुणी? शाळेत शंभर पोरांना ती नागरिकशास्त्र शिकवते. हे मात्र तो घरी बघून शिकला. सहा दिवस तर तिनेच शिकवलं.

"तुला कळलं का तू काय बोललास?"

त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"नको सांगूस. गाडी काढ आणि देवळालीला जा. काकाच्या दुकानात बस. गिऱ्हाईक संपेपर्यंत बस. सही माग. पाया पड, रड, काय करायचं ते कर, ते तुझं. पण हक्कसोडीचं नाव तोंडातून काढायचं नाहीस. आणि त्या कंपनीच्या कागदावर मी सहअर्जदार होणार नाही, तेही डोक्यातून काढ. माझी स्लिप माझ्याकडे आहे."

"आणि काका नाही म्हणाले तर?"

गॅलरीत दिवाकरने मान वळवली. त्यालाही उत्तर हवं होतं.

"कॉलेजला लिहायचं, पुढच्या वर्षी जागा ठेवा म्हणून. ठेवतात ते, मी विचारलंय. नाही ठेवली तर इथल्या परीक्षा द्यायच्या, इथल्या चांगल्या कॉलेजला बँक बिनतारणाचं देते. नाहीतर साडेसात लाखांत जे शिकता येईल ते शिकायचं."

"म्हणजे यावर्षी..."

"यावर्षी नाही जाणार तू," उत्तरा म्हणाली.

तिने ताटं उचलून मोरीत ठेवली. मागे कागद घडी केल्याचा आवाज आला, आणि जिन्यावर पावलं, सावकाश, एकेक पायरी.